देवळालीचा ताप, तमिळ पाल् आणि इतर चक्रावणारे शब्द

गोदाकाठ (धागा सुरू करणारी)

मंडळी, गेल्या महिन्यात इंदिरानगरला आमच्या शेजारी एक तमिळ कुटुंब राहायला आलं. नवरा अंबडच्या कारखान्यात, बायको घरी, चार वर्षांची मुलगी. त्यांचं सामान अजून जिन्यातच होतं तेवढ्यात ती मुलगी आमच्या दारात उभी राहिली आणि आईकडे बघून म्हणाली, "पाल्! पाल्!"

आईला पालीची भयंकर भीती. वय ६८, गुडघे दुखतात, पण क्षणात सोफ्यावर चढली आणि ओरडली, "झाडू आण गं, पाल शिरलीय घरात!" ते बघून पोर रडकुंडीला आली. मागून तिची आई रिकामं पातेलं घेऊन आली, तेव्हा उलगडा झाला. तमिळमध्ये पाल् म्हणजे दूध. दूधवाल्याची सोय व्हायची होती आणि पोरीला भूक लागली होती.

त्या दिवसापासून मी एक वही केली आहे. कानावर पडलेला, हसवणारा किंवा चक्रावणारा शब्द त्यात लिहायचा. इथे विषय काढते आहे तो वही भरायला. एकच विनंती: 'जगातले पन्नास अनुवाद न होणारे शब्द' अशा याद्या फिरत असतात, त्या इथे चिकटवू नका. तो शब्द कोणी उच्चारला, कुठे, कशासाठी आणि तुमची काय फजिती झाली, ते हवं. शब्द माणसाच्या तोंडात असताना जेवढा कळतो तेवढा यादीत कळत नाही, असं मला मनापासून वाटतं.

धारवाडची लेक

ताई, पालीवरून आमच्याकडची गंमत सांगते. माहेर धारवाडचं, सासर नाशिकरोड.

कन्नडमध्ये दूध म्हणजे हालु. जुन्या कन्नडात शब्दाच्या सुरुवातीला असलेला 'प' पुढे 'ह' झाला, तमिळमध्ये तो टिकून राहिला. म्हणून तमिळ पाल् तर आमचं हालु. तमिळ पू तर आमचं हू, म्हणजे फूल. तमिळ पत्तु तर आमचं हत्तु, म्हणजे दहा. आता खरी मजा पुढे आहे. तमिळमध्ये पालीला पल्लि म्हणतात, मराठी पालीच्या अगदी जवळचं. आणि कन्नडात ती झाली हल्लि!

लग्नाच्या पहिल्या महिन्यात सासूबाई फोनवर बोलत होत्या, "हल्ली घरात हल्ली फार..." मी चारही भिंती बघून घेतल्या. दोनदा म्हणाल्या म्हणजे दोन असणार, असंही मनात आलं. आणि ल चा ळ केलात की हळ्ळि म्हणजे खेडेगाव, तेव्हा जपून.

दुसरा शब्द 'मग'. कन्नडात मग म्हणजे मुलगा. सासरे रात्री गोष्ट सांगायला बसले की "मग राजा निघाला... मग वाटेत नदी लागली... मग..." मी मोजत बसायचे, या राजाला मुलगे तरी किती!

गोदाकाठ

प चा ह होतो हे मला अजिबात ठाऊक नव्हतं. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे पाल बिचारी तीच, फक्त गावोगाव नाव बदलते."

देवळालीकर

नाशिककरांच्या धाग्यावर हा शब्द अजून आला नाही याचं आश्चर्य वाटतं, म्हणून सविस्तर लिहितो. इंग्रजीत 'डूलाली' असा शब्द आहे. कोणी भ्रमिष्टासारखं वागायला लागलं की इंग्लंडात म्हणतात, तो 'डूलाली' झाला. ते डूलाली म्हणजे आपली देवळाली.

१८६१ मध्ये इंग्रज लष्कराने इथे छावणी उभारली. विलायतेहून आलेल्या पलटणी आधी इथे येत, आणि नोकरीची मुदत संपलेले सैनिक परतीच्या जहाजाची वाट बघत इथेच थांबत. सैनिकांना नेणारी जहाजं साधारण नोव्हेंबर ते मार्च एवढ्याच काळात सुटायची. ज्याची मुदत एप्रिलात संपली, त्याने पुढचे सहा-सात महिने काय करायचं? हाताला काम नाही, घरी जाता येत नाही, आधी ऊन आणि मग पाऊस, वर मलेरिया. कित्येक वर्षं घरापासून लांब राहिलेली ही माणसं, घर समोर दिसायला लागल्यावर अडकून पडायची. काहींचं डोकं फिरायचं. त्याला सैनिकांनी नाव दिलं 'डूलाली टॅप'.

आता हा 'टॅप' म्हणजे नळ नव्हे, आपला ताप! गोऱ्या सैनिकाने इथल्या माणसाच्या तोंडून 'ताप' उचलला आणि देवळालीला जोडला. पुढे टॅप गळून पडला, डूलाली राहिलं. मला यात सर्वात जास्त काय आवडतं सांगू? आपण अजूनही म्हणतो, "डोक्याला ताप झालाय नुसता." अंगातला ताप डोक्यापर्यंत नेण्याची कल्पना मराठीत आहेच. त्या सैनिकाला अर्थ बरोबर कळला होता.

पंचवटीकर

माहिती छान, पण मला हे वाचून बरं वाटलं नाही. आपल्या गावाचं नाव त्यांनी वेडेपणाला द्यावं? बार्न्स स्कूल, तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र, हवा खायला येणारे मुंबईकर, एवढं सगळं असताना देवळाली जगाला माहीत व्हावी ती यासाठी?

देवळालीकर

दादा, मलाही आधी राग यायचा. लहानपणी एका पाहुण्याने हा शब्द सांगितला तेव्हा मी त्याच्याशी भांडलो होतो. पण नंतर विचार केला. त्यात गावाची निंदा नाही. घरच्या वाटेवर अडकलेल्या माणसाचे हाल आहेत. आज मला तो शब्द ऐकला की ते सैनिक दिसतात, रेल्वेच्या दिशेने बघत बसलेले. तुमच्याही डोळ्यांपुढे ते आले तर राग जाईल असं वाटतं.

शाळेतली बाई

इंग्रजीने आपल्याकडून इतरही नेलंय. मुलांना मी मुद्दाम सांगते. त्यांचा 'मंगूस' आपल्या मराठी मुंगुसावरून गेला. 'डंगरी' ही जाड कापडाची विजार मुंबईच्या डोंगरीवरून. आणि 'टीपॉय' म्हणजे चहा ठेवायचं टेबल असं निम्मी शहाणी माणसं समजतात. त्यात चहा नाही! ती तिपाई आहे, तीन पायांची. आपल्याकडून गेली, सुटाबुटात परत आली आणि आपण तिला ओळखलंच नाही.

बागलाणी

मी सटाण्याचा. परदेशी कशाला जाता, नाशिक जिल्ह्यातच या की. आमच्या अहिराणीत 'कथा' म्हणजे कुठे.

आमच्या गावात पुण्याकडचे एक नवे गुरुजी बदलून आले होते. दुसऱ्याच दिवशी पारावरच्या एका म्हाताऱ्याने आपुलकीने विचारलं, "मास्तर, कथा जाई ऱ्हायनात?" गुरुजी थांबले, पारावर बसले, आणि सावित्री-सत्यवानाची कथा सांगायला सुरुवात केली. त्यांना वाटलं, कथेला जाताय का, किंवा एखादी कथा सांगा, असं काहीतरी म्हणताहेत. म्हाताऱ्यांनी पूर्ण ऐकून घेतली. शेवटी एकाने विचारलं, "ते बठ्ठं ठीक शे, पन कथा जाई ऱ्हायनात?"

मुलगा म्हणजे आंडोर, मुलगी म्हणजे आंडेर. आते म्हणजे आत्ता. त्यामुळे आमच्याकडे "आते येस" म्हटलं की आत्या येणार म्हणून चहा टाकू नका.

एक मात्र सांगायचं आहे, आणि ते तळमळीने सांगतो. जर्मन शब्द ऐकून लोक 'किती सुंदर' म्हणतात आणि अहिराणी ऐकून हसतात. हसा, मीही हसतो, पण ते हसणं तमिळ पालीच्या वेळचं असू द्या. आमच्या पोरांना तालुक्याच्या कॉलेजात गेल्यावर 'आंडोर' म्हणायची लाज वाटते. मला त्याचं वाईट वाटतं.

गोदाकाठ

बागलाणी दादा, तुमचा शब्द वहीत पहिल्या पानावर घेतला. आणखी पाठवा. खूप पाठवा.

स्टुटगार्टहून

जर्मनचं नाव निघालंच आहे तर लिहितो. घर गंगापूररोडला, नोकरी इथे. पहिल्या हिवाळ्यात दुकानात 'हांडशू' अशी पाटी वाचली. हांड म्हणजे हात, शू म्हणजे बूट. हाताचे बूट! घरी फोन करून सगळ्यांना सांगितलं, जाम हसलो. आजी म्हणाली, "आणि तू काय घालतोस हातात?" म्हटलं, हातमोजे. "मग? त्यांनी बूट घातले, आपण मोजे घातले." त्यानंतर मी जर्मनांना हसणं बंद केलं.

कासव म्हणजे 'शिल्डक्रोटं', ढालवाला बेडूक. विजेचा दिवा म्हणजे 'ग्ल्यूबिर्नं', चकाकणारं नासपती. ऑस्ट्रियात बटाट्याला भूसफरचंद म्हणतात, फ्रेंचांकडेही तेच. विचित्र वाटेल, पण आपण शेंगदाण्याला भुईमूग म्हणतो. मुगाशी त्याचा तेवढाच संबंध.

लांबीचं मात्र खरंच ऐकण्यासारखं आहे. उत्तरेकडच्या एका राज्यात १९९९ मध्ये गोमांसाच्या लेबलांवरच्या देखरेखीचं काम कोणाकडे सोपवायचं याचा कायदा झाला. त्याचं नाव एका शब्दात, ६३ अक्षरांचं. २०१३ मध्ये कायदा रद्द झाला तेव्हा वर्तमानपत्रांनी शब्द गेल्याची बातमी दिली. माझ्या हापिसातला एक जण तो एका दमात म्हणतो. मी चार दम घेतो.

निफाडचा शेतकरी

कांदा-द्राक्षातल्या माणसाने काय लिहायचं म्हणून गप्प होतो, पण आमच्या रोजच्या तोंडातला एक शब्द मूळचा पोर्तुगीज आहे हे मुलीकडून कळलं आणि राहवेना.

लासलगावला आम्ही रोज लिलावात उभे असतो. लिलाव हा शब्द पोर्तुगीज! त्यांचं 'लेइलाँव'. माझी मुलगी म्हणते, इंडोनेशियातसुद्धा लिलावाला 'लेलांग' म्हणतात, तेही त्यांच्याचकडून. म्हणजे समुद्रापलीकडचा शेतकरीही त्याच शब्दाखाली भावाची वाट बघत उभा आहे. मला हे वाचून कसंसंच झालं, चांगल्या अर्थाने.

आमच्या धंद्यातले शब्द शहरातल्यांना चक्रावतात म्हणून देतो. कांद्याचं बी म्हणजे उळं. बारीक कांदा गोल्टी. फुलाचा दांडा आलेला कांदा डेंगळा. खरिपाचा तो पोळ, त्याच्यानंतरचा रांगडा, आणि साठवायचा तो उन्हाळ. शहरातले एक पाहुणे बाजारात आले, व्यापारी म्हणाला, "रांगडा आहे, बघून घ्या." पाहुणे माझ्याकडे बघायला लागले. त्यांना वाटलं, माझ्याबद्दल बोलतोय.

द्राक्षावर डावणी नावाचा रोग पडतो. डावणी हा अस्सल मराठी शब्द असं मी तीस वर्षं समजत होतो. तो इंग्रजीतला 'डाउनी' निघाला. भुरी मात्र आपलीच. आणि चाळ! मुंबईकराला चाळ म्हटलं की माणसं आठवतात, आम्हाला साठवलेले कांदे.

सातपूर एमआयडीसी

पोर्तुगीजांवरून आठवलं. कंपनीने प्रशिक्षणाला जपानला पाठवलं होतं. पहिल्या सकाळी तिथल्या सहकाऱ्याने विचारलं, "पान की भात?" मी म्हटलं, सकाळी सकाळी पान नको, जेवणानंतर घेऊ. जेवणानंतर त्याने समोर ठेवला पावाचा तुकडा. जपानीत पान म्हणजे पाव. पोर्तुगीज १५४३ मध्ये तिथे पोचले आणि त्यांचा 'पाँव' तिकडे पान झाला, आपल्याकडे पाव. मी हजारो मैल जाऊन वडापावातलाच पाव खाल्ला म्हणायचा. पगार, चावी, घमेलं, परात, बिजागरी, तुरुंग, नाताळ, सगळे त्यांचेच. आमच्या शॉपवर तर पगाराचा शब्द रोजच निघतो.

तिथला एक शब्द फार आवडला: कुचिसाबिशी. कुची म्हणजे तोंड, साबिशी म्हणजे एकटं. भूक नाही, पण तोंडाला करमत नाही म्हणून काहीतरी खायचं. आपण त्याला तोंडाला चाळा म्हणतो. पण तोंड एकटं पडलंय ही कल्पना काही वेगळीच. आणि आपल्या आईबद्दल दुसऱ्याशी बोलताना ते 'हाहा' म्हणतात. "माझी हाहा आजारी आहे" असं एकजण गंभीरपणे सांगत होता, तेव्हा माझी कसोटी लागली.

तिबिलिसीत शिकणारी

मी जॉर्जियात मेडिकलला आहे, घर सिडकोत. घरमालकिणीचा छोटा मुलगा घरात येणाऱ्या माणसाला "मामा! मामा!" करत बिलगायचा. दोन आठवडे मी त्या गृहस्थांना मालकिणीचे भाऊ समजत होते आणि हे भाऊ रोज इथेच कसे, असा विचार करत होते. जॉर्जियन भाषेत मामा म्हणजे वडील! आई म्हणजे देदा.

दुसरा शब्द 'शेमोमेचामा'. म्हणजे खायचं नव्हतं, पण खाता खाता सगळं माझ्याकडून खाल्लं गेलं. आईने पाठवलेला चिवडा मी मैत्रिणींसाठी राखून ठेवला होता, अभ्यास करता करता डबा रिकामा. मैत्रिणीने डबा बघितला आणि हा शब्द म्हणाली. लोक सांगतात की याचा अनुवाद होत नाही. मला नाही पटत. मराठीत "खाल्लं गेलं" म्हटलं की झालं. आपलं 'गेलं' हेच सांगतं की यात माझा दोष नाही, हात आपोआप डब्यात जात होता.

गोदाकाठ

'खाल्लं गेलं' हे अप्रतिम! मराठी बोलत असून कधी लक्षात आलं नव्हतं.

इगतपुरी

फिनलंडमध्ये अंतर मोजायला 'पोरोन्कुसेमा' असा जुना शब्द आहे. रेनडिअर लघवीला न थांबता जेवढं चालतं तेवढं अंतर, साधारण साडेसात किलोमीटर. माझा भाचा हसून लोळला. मी त्याला विचारलं, कोस म्हणजे काय माहीत आहे? संस्कृतात क्रोश म्हणजे आरोळी. आरोळी ऐकू जाते तेवढी वाट म्हणजे कोस. आणि 'हाकेच्या अंतरावर' तर आपण आजही म्हणतो. घाटात राहणाऱ्याला हाकेचं अंतर किलोमीटरपेक्षा नीट समजतं.

नवा सभासद

एस्किमोंकडे बर्फाला शंभर शब्द आहेत म्हणतात.

इगतपुरी

ते मोजणं मुळातच फसवं आहे. त्यांच्या भाषेत प्रत्यय जोडत जोडत एका शब्दात आख्खं वाक्य बसतं, त्यामुळे शब्द शंभर काय, हवे तेवढे होतील. मूळ धातू थोडेच आहेत. तुम्ही पावसाळ्यात आमच्याकडे या, प्रत्यय न लावता मोजू: भुरभुर, झिमझिम, रिपरिप, सर, वळीव, संततधार, मुसळधार, आणि आठ-आठ दिवस उघडत नाही ती झड.

बंगाली शेजार

माझ्या बंगाली मैत्रिणीने एकदा लिहिलं, "तुझ्यावर माझा अभिमान आहे." मी खूश होऊन आभार मानले. ती आणखी चिडली. बंगालीत अभिमान म्हणजे जवळच्या माणसाने दुखावल्यावर येतो तो रुसवा. परक्यावर अभिमान करता येत नाही, फक्त आपल्यावरच. मी तिचा वाढदिवस विसरले होते. हा शब्द मला मराठीत हवा होता. रुसवा थोडा लहान मुलांचा वाटतो.

वकील, नाशिक कोर्ट

शिक्षा (हिंदीत शिक्षण) तर सगळ्यांना माहीत आहे. माझा आवडता राजीनामा. फारसीत राजी असल्याचा कागद, म्हणजे संमतिपत्र. हिंदी पट्ट्यात आजही तडजोडीच्या कागदाला राजीनामा म्हणतात. उत्तरेकडून आलेला एक पक्षकार आनंदाने म्हणाला, "साहेब, राजीनामा झाला!" मी विचारलं, नोकरी का सोडलीत?

शिकस्त म्हणजे फारसीत पराभव. मराठीत मात्र आपण प्रयत्नांची शिकस्त करतो. हरण्याचा शब्द घेऊन त्याचा न हरण्याचा केला, हे मला मराठीचं मोठेपण वाटतं.

शाळेतली बाई

अजून एक, मुलांना फार आवडतं ते. टर्की हा पक्षी मूळचा अमेरिकेतला. इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचं नाव दिलं. तुर्क त्याला 'हिंदी' म्हणतात. फ्रेंचही भारताचाच समजतात. डच लोक त्याला 'काल्कून' म्हणतात, ते कालिकतवरून. आणि पोर्तुगीज म्हणतात 'पेरू'! पक्ष्याला बिचाऱ्याला कोणीच आपलं म्हणायला तयार नाही. आपलीही विलायती चिंच विलायतेची नाही, मेक्सिकोकडची आहे. मोसंबीत मात्र मोझांबिक नीट ऐकू येतं.

पंचवटीकर

देवळालीकर, तुमचा मुद्दा पटला. काल स्टेशनवर गेलो होतो, तुमचे ते सैनिक आठवले.

माझ्याकडून एक नाशिकचा शब्द: रहाड. रंगपंचमीला पेशवेकाळापासूनचे आमचे रंगाचे दगडी हौद. शनी चौक, तिवंधा, प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. सण झाला की वर फळ्या टाकून माती पसरतात आणि वर्षभर त्यावरून रिक्षा जातात. त्यात उडी मारली की धप्पा. पुण्याचा मित्र विचारतो, "रहाड म्हणजे काय?" मी किती सांगितलं तरी त्याला हौद दिसतो, रहाड दिसत नाही. शेवटी म्हटलं, ये आणि एक धप्पा घे.

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. वहीची वीस पानं भरली. बागलाणी दादांचे निरोपातले शब्द वेगळ्या पानावर घेतले आहेत, त्यांनी आईकडून विचारून पाठवले.

आमच्याकडची ताजी खबर. शेजारच्या पोरीने आता आईशी गट्टी केली आहे. आई तिच्यासाठी रोज सकाळी वाटीभर पाल् तापवते, न घाबरता म्हणते. आज दूध गॅसवर होतं आणि दाराच्या चौकटीवर खरीखुरी, लठ्ठ पाल दिसली. पोर किंचाळली, "पल्लि!" आई किंचाळली, "पाल!" दोघी एकाच वेळी सोफ्यावर. झाडू मीच आणला. तेवढ्यात पाल् उतू गेलं.